कापसाची तेजी आणि सुप्याची आग

सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी गोळा झाले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. गाव बाजारपेठेचे. सावकारांची घरे आणि दुकाने तिथे होती. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडे त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले. जे कागद हाती आले ते जाळून टाकले. काही दुकानांतले धान्य लुटले गेले, काही ठिकाणी घरांनाही आग लावण्यात आली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. इंग्रजांनी या प्रकाराला 'दख्खनचे दंगे' असे नाव दिले आणि तेच नाव इतिहासात रूढ झाले.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. या घटनेपाशी आलो की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : "सर, वह्या जाळल्या म्हणजे कर्ज फिटलं का?" प्रश्न मुलांचा असला तरी तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतकरी अडाणी होता, त्याचे डोके फिरले आणि त्याने जाळपोळ केली, इतक्यावर आपण थांबलो तर या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. उत्तर शोधायचे तर चौदा वर्षे मागे आणि सात समुद्रांपलीकडे जावे लागते.

कापसाला आलेला भाव

इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. १८६० पूर्वी ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई, आणि तो पिकवणारे हात गुलामांचे होते. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडच्या आरमाराने दक्षिणेकडची बंदरे अडवली. जिथून वर्षाला वीस लाखांहून अधिक गासड्या येत, तिथून १८६२ साली जेमतेम ५५ हजार गासड्या आल्या. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आलेल्या कापसापैकी बहुतांश कापूस हिंदुस्थानचा होता.

मुंबई बंदरात सोन्याचांदीचा पूर आला. परदेशी व्यापाऱ्याने मुंबईच्या दलालाला पैसा दिला, दलालाने तालुक्याच्या सावकाराला दिला आणि सावकाराने शेतकऱ्याला. ज्या शेतकऱ्याला एरवी पाच-दहा रुपयांसाठी सावकाराच्या ओट्यावर ताटकळत बसावे लागे, त्याला आता कापसाच्या दर एकरामागे शंभर शंभर रुपयांची उचल मिळू लागली. १८६० ते १८६४ या चार वर्षांत कापसाखालची जमीन दुप्पट झाली. त्याच काळात रेल्वेचे काम जोरात होते. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. दगडमातीच्या कामावर रोख मजुरी मिळे. दख्खनच्या खेड्यात कधी नव्हे इतका पैसा फिरू लागला.

पण हा पैसा सगळ्यांच्याच ओटीत पडला असे नाही. कापूस पिकवणाऱ्याचा काही काळ फायदा झाला, तोही मुख्यतः ज्याच्याकडे जमीन होती त्याचा. ज्याची जमीन हलकी होती त्याने उचल घेतली आणि डोक्यावर बोजा चढवून घेतला. आणि हातमागावर बसणाऱ्या विणकराचे काय झाले? कापूस देशाबाहेर चालला, सूत महागले आणि देशभरातले विणकर हातावर हात ठेवून बसले. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून परागंदा झालेली मोमीन विणकर कुटुंबे याच सुमारास दक्षिणेकडे येत होती, मालेगाव आणि भिवंडीसारख्या गावांत वसत होती. आपल्या समाजातील अनेक घराण्यांचा या मातीशी संबंध त्या काळात जुळला. ज्या वर्षांना मुंबईचे इतिहासकार सुवर्णकाळ म्हणतात, ती वर्षे मागावरच्या माणसाला महागाईची होती, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

मुंबईची झिंग

कापसातून आलेल्या पैशाचे काय करायचे हा मुंबईपुढे प्रश्न होता. त्याचे उत्तर शेअरबाजाराने दिले. १८५५ च्या सुमारास ज्या शहरात अशा कंपन्या जवळजवळ नव्हत्याच, तिथे १८६५ च्या आरंभी ३१ बँका, १६ वित्त कंपन्या आणि ८ जमीन कंपन्या उभ्या होत्या. समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या योजना निघाल्या. त्यात बॅकबे रेक्लमेशन कंपनी सर्वांत गाजली. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. भरावाची माती अजून समुद्रात पडायची होती, पण कागदावर माणसे लखपती झाली होती.

या साऱ्या खेळाचे सूत्रधार होते प्रेमचंद रायचंद. १८३१ साली सुरतेच्या जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लोक त्यांना शेअरबाजाराचा राजाच समजत. एखाद्या कंपनीला त्यांचे नाव लागले की तिचा भाव वाढे. त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. आईच्या नावाचा तो राजाबाई टॉवर आजही उभा आहे. माणूस दानशूर होता यात शंका नाही. प्रश्न एका माणसाच्या चांगलेवाईटपणाचा नाही, प्रश्न आहे तो त्याला आवर घालणाऱ्या संस्थांचा.

त्या संस्थांपैकी सर्वांत मोठी होती बँक ऑफ बॉम्बे. ती १८४० साली स्थापन झाली. तिच्यात सरकारचे भाग होते, सरकारचे संचालक होते. सुरुवातीच्या कायद्याने तिच्यावर कडक बंधने घातली होती. शेअर तारण घेऊन कर्ज द्यायला तिला मोकळीक नव्हती. १८६३ साली नवा कायदा झाला. भांडवल वाढवले गेले, जुनी बंधने सैल झाली. कडक कायदा असायला हवा होता नेमका तेव्हाच तो ढिला केला गेला. मग या बँकेने शेअरच्या तारणावर, कधी कधी केवळ मोठ्या माणसाच्या शब्दावर, लाखो रुपये उसने दिले. त्या पैशांनी लोकांनी आणखी शेअर घेतले. सरकारी संचालक खुर्चीत बसून होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला. मुंबईत शेअरचे वायदे मोठ्या प्रमाणावर १ जुलै १८६५ या तारखेचे झालेले होते. त्या दिवशी देणाऱ्याकडे पैसा नव्हता, म्हणून घेणाऱ्याकडेही नव्हता. एकाने दुसऱ्याला बुडवले, दुसऱ्याने तिसऱ्याला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांना मिळू लागला. प्रेमचंदांचेही दिवाळे वाजले. दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० साली या सगळ्या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते तरुणपणी या घटनांचे साक्षीदार होते.

शहराची काय दशा झाली हे शिरगणतीवरून कळते. १८६४ साली मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ मोजली गेली होती. १८७२ साली ती ६,४४,४०५ भरली. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी झाली. यात शेटजी फार थोडे असणार. हमाल, गवंडी, खलाशी, गाडीवान अशी कामासाठी आलेली माणसे काम संपताच आपापल्या गावी परतली. ज्या गावी परतली तिथे तरी काय वाढून ठेवले होते?

दख्खनमधला कागद

मुंबईचा पैसा आटला तशी वरपासून खालपर्यंत वसुली सुरू झाली. परदेशी पेढीने दलालाला, दलालाने सावकाराला आणि सावकाराने शेतकऱ्याला तगादा लावला. नवी उचल बंद झाली. रेल्वेची कामे संपली, मजुरी थांबली.

आणि नेमके याच वेळी सरकारने शेतसारा वाढवला. दख्खनमध्ये रयतवारी पद्धतीची पाहणी १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली होती. तो सारा तीस वर्षांसाठी ठरवलेला होता. मुदत संपली ती १८६६ च्या सुमारास. नवा सारा ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे तेजीच्या काळातले भाव होते. त्या भावांच्या आधारे सारा पन्नास टक्क्यांपासून काही ठिकाणी दुपटीपर्यंत वाढवला गेला. भाव खाली आले, सारा मात्र चढाच राहिला. पावसाने दगा दिला तरी सारा रोख रकमेत आणि ठरल्या हप्त्याला भरायचा होता. तो भरायला शेतकरी पुन्हा सावकाराच्याच दारात गेला.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगणे जरूर आहे. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू चांगला होता. सावकाराने वर्षानुवर्षे व्याज साठवत बसू नये अशी कल्पना होती. प्रत्यक्षात उलटे झाले. दर तीन वर्षांनी सावकार जुना रोखा फाडून नवा लिहून घेऊ लागला, आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून घातले जाऊ लागले. आम्ही हे फळ्यावर गणित मांडून दाखवतो. समजा शंभर रुपये घेतले, शेकडा पंचवीस व्याजाने. तीन वर्षांनी रोखा झाला १७५ चा. सहा वर्षांनी ३०६ चा. नऊ वर्षांनी ५३६ चा. शेतकऱ्याला मधल्या काळात नवा एक पैसाही मिळालेला नाही. हे झाले आमचे सोपे गणित. पुढे नेमलेल्या आयोगाला एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले आढळले होते.

रोख्यात काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. पैसे फेडले तर पावती मिळत नव्हती. सावकार दिवाणी न्यायालयात गेला की समन्स लांबच्या गावाहून येई. शेतकरी भीतीने किंवा खर्चामुळे हजर होत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. न्यायालय फक्त कागद बघे. सही-अंगठा आहे ना, मग पैसे प्रत्यक्षात दिले होते का, किती फिटले, हे विचारायची पद्धत नव्हती. हुकूमनाम्यावर बैल, भांडी, घर, जमीन जप्त होई. एवढ्यावरही भागले नाही तर ऋणकोला तुरुंगात टाकता येई.

आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना या प्रकरणात एक गोष्ट विशेष जाणवते. कर्ज, वसूल, जप्ती, मुदत, हप्ता, दस्तऐवज, मुनसफ, रयत हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथल्या मातीत मिसळून गेले. मुनसफ म्हणजे इन्साफ करणारा. शब्द शेतकऱ्याच्या ओळखीचे होते, पण त्यांच्यामागचा व्यवहार बदलला होता. पूर्वी गावातला सावकार वसुलीसाठी पाटलावर आणि पंचांवर अवलंबून असे. त्यामुळे त्याला गावाची भीड होती. नव्या व्यवस्थेत सरकारची संपूर्ण ताकद त्याच्या रोख्यामागे उभी राहिली आणि भीड संपली. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा आणि ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, ही शिकवण आपल्या घराघरांत दिली जाते. इंग्रजांच्या न्यायालयाने यातले लिहिणे तेवढे घेतले, सवड सोडून दिली.

आग लागली ती कशाला?

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात कालूराम नावाच्या सावकाराने तिथल्या देशमुखाच्या घरावर हुकूमनामा मिळवला आणि घर पाडायला घेतले. गाव चिडले. सावकारांवर बहिष्कार पडला. त्यांचे शेत कोणी करीना, हजामत कोणी करीना, पाणी कोणी भरीना. बहिष्काराचे हे हत्यार गावोगाव गेले. पाच महिन्यांनी सुप्याला त्याचे रूप बदलले.

या दंग्यांचे एक वैशिष्ट्य जवळपास सर्वच अभ्यासकांनी नोंदवले आहे. दंगेखोरांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. ज्या सावकाराने रोखे मुकाट्याने दिले त्याला बहुतेक ठिकाणी फारसा त्रास झाला नाही. न्यायालय फक्त कागद ओळखते हे शेतकरी पंधरा वर्षांत शिकला होता. मग कागदच नसेल तर? मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. कर्ज फिटले नाही, पण ते सिद्ध करण्याचा एकमेव पुरावा राख झाला. तेव्हा हे कृत्य आंधळ्या रागाचे म्हणता येत नाही. न्यायालयाची रीत पुरती ओळखलेल्या माणसाचे ते होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक हल्ले मारवाडी आणि गुजराती सावकारांवर झाले. ते परके होते, उठून दिसत होते. स्थानिक सावकार बरेचदा सुटले. संकटाच्या वेळी संताप वेगळ्या दिसणाऱ्या माणसावर काढला जातो, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. म्हणून त्या दिवसाकडे पाहताना आपण दुसऱ्याच्या बाबतीतही तोच न्याय लावला पाहिजे. गावातला सावकार हा साखळीतला एक दुवा होता. त्याच्यावर मुंबईचा दलाल होता, दलालावर परदेशी पेढी होती आणि या सर्वांच्या बाजूला सारा मोजून घेणारे सरकार होते. त्यांच्यापर्यंत सुप्याच्या शेतकऱ्याचा हात पोहोचत नव्हता.

पोलीस आले, लष्कर आले. ९५१ माणसांना अटक झाली. त्यांपैकी पुष्कळांना शिक्षा झाल्या.

त्याच वर्षी, म्हणजे ९ जुलै १८७५ रोजी, मुंबईत आणखी एक घटना घडली. शेअर दलालांनी आपली संघटना स्थापन केली. प्रत्येकी एक रुपया प्रवेश फी होती. हीच संघटना पुढे मुंबई शेअरबाजार म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. बँक ऑफ बॉम्बे तर त्याच्या कितीतरी आधी सावरली होती. ती १८६८ साली बुडाली, तिच्या व्यवहाराची चौकशी झाली, संचालकांच्या हलगर्जीपणावर आणि १८६३ च्या कायद्यावर ठपका आला, आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक सुरूही झाली. ती १९२१ साली इंपीरियल बँकेत विलीन झाली, आणि इंपीरियल बँकेची १९५५ साली स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. मुंबईतल्या संकटावर तीन वर्षांत इलाज निघाला. सुप्याच्या शेतकऱ्याला दहा वर्षे वाट पाहून आग लावावी लागली. आमच्या मते या संपूर्ण इतिहासाचे सार या फरकात आहे.

आयोग, दुष्काळ आणि कायदा

१८५७ ची आठवण ताजी होती, त्यामुळे कलकत्त्याचे सरकार घाबरले. त्याने मुंबई सरकारला चौकशी करायला लावली. दख्खन दंगे आयोगाने गावोगाव फिरून जबान्या घेतल्या, व्याजाचे दर, बाजारभाव, साऱ्याचे आकडे गोळा केले. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. आज त्या काळातल्या खेड्याचे जे तपशील आपल्याला मिळतात, त्यांतले पुष्कळसे या अहवालातून मिळतात. परंतु त्याचा निष्कर्ष असा होता की, सरकारचा सारा हे दंग्यांचे कारण नव्हते, दोष सावकारांचा होता. सरकारनेच नेमलेला आयोग दुसरे काय म्हणणार? गंमत अशी की, १८७४ सालीच सरकारने वाढीवर मर्यादा घातली होती. एका तालुक्याचा सारा ३३ टक्क्यांहून अधिक वाढवू नये असे ठरवले होते. सारा जड नव्हता तर ही मर्यादा कशासाठी? १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी करून हेच म्हणणे मांडले होते.

आयोगाचे काम चालू असतानाच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. सोलापूर, पुणे, अहमदनगर, सातारा या भागांत माणसे आणि जनावरे तडफडून मेली. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने आणखी कमी करण्यात आली. खर्च वाचवायचा होता. मजुरांनी कामावर बहिष्कार घातला, सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. ज्या १८७८ साली दुष्काळ ओसरला आणि आयोगाचा अहवाल पार्लमेंटपुढे गेला, त्याच साली मुंबईत राजाबाई टॉवर बांधून पुरा झाला.

अखेर १८७९ साली दख्खन शेतकरी संरक्षण कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले होते, हेही विसरता येत नाही. या कायद्याने काही मोलाच्या गोष्टी केल्या. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास तपासावा, खरे मुद्दल किती आणि व्याज किती हे ठरवावे, असे बंधन आले. हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही हा नियम, हिशेबाला लावला गेला. हप्ते बांधून देण्याची सोय झाली. गावपातळीवर दस्त नोंदवण्याची व्यवस्था झाली. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून कित्येक वर्षे काम केले.

मात्र कायद्याने सावकाराचा हात धरला, शेतकऱ्याच्या हाती दुसरे काही दिले नाही. सारा होता तसाच रोखीत भरायचा होता. बियाणे लागत होते, बैल लागत होते. सावकार सावध झाला. त्याने गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कागदावर विक्री, तोंडी वचन परत देण्याचे. कर्ज मिळणे अवघड झाले आणि जे मिळाले ते जास्त महाग पडले. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले ते याच काळात. १८८३ आणि १८८४ साली सरकारी कर्जाचे कायदे झाले. त्या कर्जाला आपण तगाई म्हणतो. मूळ शब्द तकावी, म्हणजे बळ देणे. नाव मोठे होते, रकमा लहान होत्या. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. सावकाराला खरा पर्याय देण्याची ती सुरुवात म्हणता येईल. म्हणजे कापसाच्या मंदीपासून जवळजवळ चाळीस वर्षांनी.

आपला हिशेब

हा जुना इतिहास आज कशाला उगाळायचा, असे कोणी म्हणेल. आम्हाला वाटते की, त्यातला प्रश्न जुना झालेला नाही. संकट आले की नुकसान कोणी सोसायचे हे आपोआप ठरत नाही. ते कायदे, बँका आणि सरकारचे निर्णय ठरवतात. २००८ साली अमेरिकेतल्या बँका कोसळल्या तेव्हा त्यांच्यासाठी तिथल्या सरकारने ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली. कर्जाचे हप्ते थकलेल्या लाखो कुटुंबांची घरे मात्र गेली. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारने शेतकऱ्यांसाठी कर्जमाफी जाहीर केली. ती आवश्यक होती. पण ती बँका आणि सहकारी संस्थांच्या कर्जापुरती होती. ज्याला बँकेने कधी दारात उभे केले नाही आणि ज्याने खासगी सावकाराकडून पैसे घेतले, त्याचे नाव त्या यादीत येणे शक्यच नव्हते. म्हणजे सर्वांत अडलेला माणूस मदतीच्या बाहेर राहिला.

इथे हा विषय आपल्या वस्तीपर्यंत येतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की, काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून ठेवले होते. तिथे कर्ज द्यायचे नाही असा त्याचा सरळ अर्थ. मग बागवान, तांबोळी, गॅरेजवाला, यंत्रमागवाला पैसा आणणार कुठून? मालेगाव-भिवंडीत पुष्कळ विणकर व्यापाऱ्याकडून सूत घेतात आणि मजुरीवर कापड विणून देतात. सुताचा भाव चढला की त्याची झळ मागवाल्याला, कापडाचा भाव पडला तरी झळ त्यालाच. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत रोखीने मजुरी वाटणारे माग बंद पडले. २०२० च्या टाळेबंदीत परगावचे कामगार पायी निघाले. १८६५ नंतर मुंबई सोडून गेलेल्या माणसांची शिरगणतीत नुसती संख्या उरली. त्यांची नावे कुठेच नाहीत. यांची तरी कोणी लिहिली आहेत काय?

सुप्याच्या शेतकऱ्याला कागद वाचता येत नव्हता, म्हणून तो कागदाला घाबरला आणि शेवटी त्याने तो जाळला. आपल्याला ती सबब नाही. आपल्या मुलांना व्याजाचे गणित आले पाहिजे, पावती मागता आली पाहिजे, सही करण्यापूर्वी करार वाचता आला पाहिजे. वस्तीतल्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेला उभे राहून ताळेबंद विचारता आला पाहिजे. महाराष्ट्रात सावकारी नियंत्रणाचा २०१४ चा कायदा आहे. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध त्याखाली तक्रार करता येते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? आणि ज्या बँकेत आपल्या वस्तीचे पैसे ठेव म्हणून जातात, ती बँक वस्तीला किती कर्ज देते हा आकडा मागण्याचे काम आपल्या संघटनांचे आहे.

एक विनंती वाचकांना करावीशी वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेट्यांत, ट्रंकांत मोडीतली, फारसीतली, उर्दूतली खते पडून असतील. कोणाच्या आजोबांनी जमीन गहाण टाकली, कोणाच्या पणजोबांनी माग विकला, कोणी कोणाला किती व्याजाने पैसे दिले, ते त्यांत लिहिलेले आहे. रद्दीत घालण्यापूर्वी ती एकदा जाणकाराकडून वाचून घ्यावीत. मुंबईच्या शेटजींचा इतिहास लिहिला गेला, कारण त्यांचे कागद राहिले. आपले कागद आपल्याच घरात आहेत.